माझ्या पायातली पिसं आणि हेन्रीचे सात खिळे

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. वय पाच वर्षे, मुक्काम उत्तनजवळचं डोंगरी गाव, रंग विटकरी, स्वभाव तापट. अशा कहाण्या सांगणाऱ्या फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या शेवटी डोळ्यांत पाणी आणून तुमची दया मागतात, हे मला ठाऊक आहे. मला दया नको. मला राग आला आहे. कोंबडीला दात नसतात, त्यामुळे ती जे गिळते ते अख्खं गिळते. आणि अख्खा राग गिळून पाच वर्षे झाली तरी तो पचलेला नाही.

रागाचं कारण माझ्या पायांत आहे. इतर कोंबड्यांच्या पायांवर पिवळे टणक खवले असतात. ते माझ्याही आहेत. पण माझ्या नडगीच्या बाहेरच्या अंगाने, थेट शेवटच्या बोटापर्यंत, पिसंही आहेत. कुणी घाईत एकेक पायमोजा अर्धा चढवून सोडून द्यावा तशी. माझा एकूण गुन्हा एवढाच.

माझी घडण अंड्यात झाली. अंड्यातलं तुला काय आठवणार, असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला तुमचं आठवत नाही ही तुमची अडचण झाली. मी तिथे एकवीस दिवस होते आणि स्वतःकडे बघण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता.

पहिल्या सहा दिवसांत कातडी म्हणावी अशी कातडी मला नव्हती. नुसते दोन ओले पापुद्रे होते, एकावर एक. सातव्या दिवसाच्या सुमारास पाठीच्या मधोमध ठिपक्यांची एक ओळ उमटली. वरचा पापुद्रा जिथे जाड झाला तिथे ठिपका. मग त्या ओळीच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. नव्या ओळीतला ठिपका जुन्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये, रांगोळीत मधले ठिपके देतात तसा. कुणी कुणाला खेटत नाही, प्रत्येकाला चारी बाजूंनी मोकळी जागा. मीरा रोडच्या इमारती बांधणाऱ्यांना एकदा अंड्यात बसवायला हवं.

मग ठिपक्याचा फुगवटा झाला, फुगवट्याचा कोंब, कोंबाचा धागा. हीच पुढे पिल्लाची लव. पाठीचं काम असं रंगात आलेलं असताना, दहाव्या दिवसाच्या आसपास पायांचं काम सुरू झालं. आणि इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं भांडण याच्यावर आहे. पायांवरही आधी जाडसर ठिपकेच येतात. पीस काय आणि खवला काय, दोघांची सुरुवात सारखीच. पाठीवरचा ठिपका उठून उभा राहतो, तो पीस होतो. पायावरचा आडवा पसरून टणक होतो, तो खवला. कुणी उभं राहायचं आणि कुणी आडवं व्हायचं, हे खालचा पापुद्रा सांगतो. वरचा नुसता दिसतो. शहाण्या माणसांनी म्हणे कितीतरी अंडी उघडून, पाठीचा खालचा पापुद्रा पायाच्या वरच्या पापुद्र्याखाली लावून पाहिला, आणि पायाच्या कातडीला पिसं फुटली. त्यांना फार आश्चर्य वाटलं. मला विचारलं असतं तर मी एकही अंडं न फोडता सांगितलं असतं.

माझ्या पायांच्या खालच्या पापुद्र्याने वरच्याला निरोप दिला, "थोडं पंखासारखं हो." हा निरोप त्याच्या मनाचा नव्हता. तो माझ्या वडिलांकडून आला होता, अंडं जमिनीवर पडायच्याही आधी.

माझे वडील भाईंदरच्या बाजारातले. हेन्रीने त्यांना गोणीत घालून डोंगरीला आणलं. हेन्री हा आमचा घरधनी. साठी उलटलेली, होडी विकून टाकलेली, आणि होडीवर खलाशांना सोडायचे ते हुकूम आता अंगणातल्या कोंबड्यांना सोडण्याची सवय. वडिलांच्या दोन्ही पायांना भरघोस पिसं होती. हेन्रीने पाय पाहिले नाहीत, वजन पाहिलं. वडील आमच्या अंगणात नऊ दिवस राहिले आणि दहाव्या दिवशी हेन्रीच्या मुलीच्या, जेसिकाच्या, लग्नाला गेले. पाहुणे म्हणून नव्हे. लोकांनी बोटं चाटली असं ऐकते. त्या नऊ दिवसांत माझ्या आईने जी अंडी दिली, त्यांतलं एक मी.

आता ऑड्रेविषयी सांगते. ऑड्रे म्हणजे हेन्रीची बायको. आमच्याकडे कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायच्या हट्टाला पेटली, की तिच्या खाली अंडी मांडणं हे बायकांचं काम. आणि ते कुणाच्याही हाताला जमत नाही. ऑड्रेचा हात सगळ्यांत चांगला, असं डोंगरीपासून पार भाईंदरच्या मोरव्यापर्यंत म्हणत. बायका अंडी पदराखाली झाकून तिच्याकडे आणायच्या. ती अंडं कानाशी धरायची, उन्हाकडे धरायची, कोळशाने त्यावर खूण करायची. टोपलीत पेंढा, पेंढ्यावर अंडी, कडेला कोळशाचा तुकडा आणि लोखंडाचा एक खिळा. ढग गडगडले की अंड्यातला जीव बिघडतो आणि खिळा तो गडगडाट पिऊन टाकतो, अशी समजूत. लोखंडाला इतकी तहान असते हे मला माहीत नव्हतं.

मी अंड्यातून बाहेर आले, अंग वाळलं, लव फुलली. हेन्रीने मला उचलून उलटं केलं.

"ऑड्रे! यो काय हाय? पायान पिसा?"

ऑड्रे धावत आली. तिने चष्मा लावला, काढला, परत लावला.

"टोपलीन खिला ठेवलेला?" हेन्रीने विचारलं.

"न्हाय रे. लग्नाचे घाईन रायला."

ती खरं बोलली. जगात याची शिक्षा लगेच होते. संध्याकाळपर्यंत हेन्रीच्या तोंडून अर्ध्या डोंगरीला कळलं, ऑड्रेने खिळा ठेवला नाही म्हणून पिल्लू बिघडलं. आठवड्यात ते मोरव्यालाही कळलं. बायका येईनाशा झाल्या. कुणी तोंडावर बोललं नाही. "आमची कोंबरी या वर्षी बसतच न्हाय," एवढंच म्हणत. डोंगरीतल्या यच्चयावत कोंबड्या एकदम बसायच्या बंद झाल्या, हे कुणालाच खटकलं नाही. ऑड्रेही मानून बसली की चूक तिचीच. मी तिच्या समोरून गेले की ती माझ्या पायांकडे न बघता दाणे टाकायची. पाच वर्षे. मित्रांनो, ज्या बाईने तुमची अंडी हाताने मांडली तिने तुमच्याकडे बघू नये, हे पोटात कसं बसतं ते सांगायला मला शब्द नाहीत. चोच आहे, पण ती वेगळ्या कामाची.

बाकी मी माझं काम केलं. अंडी दिली, पिलं वाढवली नाहीत, कारण मला कधी बसूच दिलं नाही. माझी अंडी दर रविवारी पंढरीनाथ घेऊन जायचे. हे मीरा रोडच्या हाटकेशमधले निवृत्त गृहस्थ. मूळचे परळचे, आता तिसऱ्या मजल्यावरचे. अस्सल गावठी अंड्यासाठी बस पकडून येतात आणि सगळ्या विषयांवर मोबाईलमधलं ज्ञान देतात. एकदा त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"हेन्रीभाऊ, ही मिक्स वाटतेय हं. ओरिजिनल गावठीचे पाय एकदम क्लीन असतात."

"मिक्स? माजे घरची हाय ती, पंढरीशेट!"

"नाही, मी आपलं बोललो. चालायचंच. आजकाल सगळंच मिक्स."

त्या दिवसापासून दर महिन्याला एका शनिवारी हेन्री मला मांडीखाली दाबायचा आणि पकडीने पायातली पिसं उपटायचा. रक्त यायचं, त्यावर हळद. रविवारी मी क्लीन. तीन आठवड्यांत पिसं परत डोकावायची, कारण उपटलं जातं ते पीस. त्याचं बीज कातडीत खोल बसलेलं असतं आणि त्याला पकड म्हणजे काय ते माहीत नसतं. हेन्री दरवेळी म्हणायचा, "काय चिवट हाय!" त्याला वाटायचं तो माझ्याविषयी बोलतोय.

या वर्षी मी खुडूक झाले, आणि अशी झाले की पाण्याची बादली ओतली, टोपली लपवली, तरी हटले नाही. ओट्याच्या कोपऱ्यात रिकाम्या जमिनीवर बसून राहिले. शेवटी हेन्री कंटाळला.

"बसवतो तुला," तो म्हणाला. "पन ये वेली ऑड्रे हात लावनार न्हाय. मी मांडनार."

ऑड्रे दारात उभी होती.

त्याने टोपली भरली. माझीच अकरा अंडी. आणि खिळा एक नाही. जुन्या होडीचे, वीतभर लांबीचे, गंजलेले सात खिळे. पेंढ्यात चारी बाजूंनी खोचले.

"सात?" ऑड्रेने विचारलं.

"येक तू इसरलीस, त्याचा व्याज. आनि आयक, इतक्या करून पन येकाचे पायान जरी पिस दिसला, तर अख्खी टोपली समुद्रान."

"पिलं?"

"पिलं पन."

मी बसले. सात खिळ्यांच्या मध्ये, अकरा अंड्यांवर. आणि मी दिवस मोजू लागले. कारण आत काय चाललंय हे घरात फक्त मला माहीत होतं. सातव्या दिवशी पाठीवर ठिपके. नवव्या दिवशी कोंब. दहाव्या दिवशी पाय. मी अंडी चोचीने फिरवायची आणि मनातल्या मनात एकेकाला सांगायची, आडवा पसर रे बाबा, आडवा पसर, खवलाच हो. मला माझ्या पायांची लाज कधीच वाटली नव्हती. त्या हेन्रीने मला माझ्याच पिलांसाठी खवले मागायला लावले. सगळ्यांत जास्त राग मला याचा आहे.

बाराव्या दिवशी रविवार होता. माणसांकडे बाराव्या दिवशी बारसं असतं. हेन्री रोज सकाळी टोपलीत हात घालून खिळे जागेवर आहेत का बघायचा. त्या दिवशी पंढरीनाथ आले होते म्हणून जरा जास्तच ऐटीत घातला.

"काय शोधताय?" पंढरीनाथांनी विचारलं.

"खिले. गडगडला तर पिलांना त्रास नको."

"अर्थिंग! करेक्ट! आमच्या बिल्डिंगवर पण आहे."

हेन्रीचा हात माझ्या पोटाखाली सरकला आणि मी चोच मारली. जोरात मारली. हात दचकून मागे आला आणि त्याच्या मनगटाने एक अंडं खिळ्याच्या टोकावर दाबलं गेलं. आवाज फार मोठा झाला नाही. टच्च.

हे मी लपवत नाही. चोच माझी होती. खिळा त्याचा होता. रात्रंदिवस मी याचा हिशोब करते आणि तो सुटत नाही.

ऑड्रे आतून आली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने टोपलीला हात लावला. फुटलेलं अंडं तिने स्टीलच्या वाटीत घेतलं, हलक्या हाताने कवच बाजूला केलं. आतलं बाळ अंगठ्याएवढं होतं. थोडा वेळ त्याची छाती हलली. मग थांबली. ऑड्रेने छातीवर क्रुसाची खूण केली. पंढरीनाथांनी मोबाईल खिशात ठेवला.

मग ऑड्रे वाटी उजेडात घेऊन गेली.

"पंढरीशेट, तुमचे मोबाईलवर मोठा दिसतं ना? दाखवा जरा."

पंढरीनाथांनी फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. पाठीवर ओल्या धाग्यांच्या ओळी, रांगोळीसारख्या. पंखांवर तसेच. ऑड्रेचं बोट खाली सरकलं.

"यो पाय ना?"

"हो, पाय. आणि हे बघा, बाहेरच्या साईडला, पाठीवर आहेत ना, सेम टु सेम तसेच कोंब आलेत. ही तर पिसं आहेत, ताई. पायातली."

ऑड्रे हळूच खाली बसली. टोपलीतले खिळे तिने मोजले, मोठ्याने. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

"सात खिले हायत, हेन्री. येक पन कमी न्हाय. आनि आभाल बारा दिवस गडगडला न्हाय."

"मंग?" हेन्री म्हणाला. आवाज जरा आत गेला होता.

"मंग पिसा आली कुठशी? खिल्याशी काय संबंध त्यांचा? आत लिवलेला हाय ते." ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि मग मी पाहिलं, पाच वर्षांपूर्वीचं काहीतरी तिला आठवत होतं. "जेसिकाचे लग्नाला तू कोंबरा आनला होतास. भाईंदरशी. मीच साफ केला त्याला. पायाची पिसा काढता काढता माजी बोटं दुखली. मी तुला बोल्ले पन, यो कोंबरा हाय का कुत्रा?"

हेन्री ओट्याखाली काहीतरी शोधू लागला. ओट्याखाली काही नव्हतं.

"यो आमचे अंगनान किती दिस होता?"

"...आठ."

"नऊ," ऑड्रे म्हणाली. "नऊ दिस होता. आनि पाच वरसं तू लोकांना सांगितलास, ऑड्रेचा हात बिघडला."

"मना काय ठावूक—"

"मना पन ठावूक नवता! मी तर माजेच हाताला दोष दिला. पन पाय तुज्या डोल्यांसमोर होते, हेन्री. त्या कोंबऱ्याचे पाय तू सूपान खाल्लेस."

पंढरीनाथ हळूच म्हणाले, "मी निघू का? बस येईल." आणि निघाले नाहीत.

ऑड्रेने सातही खिळे एकेक करून उपसले आणि दगडावर आपटून ठेवले. मग उरलेली दहा अंडी तिने तिच्या पद्धतीने परत मांडली, बोटांनी चाचपत, मधली कडेला, कडेची मध्ये. माझ्या पायांकडे तिने पाहिलं. पाठीवरून हात फिरवला नाही, ती तसली नाही. नुसतं पाहिलं. आणि हेन्रीला म्हणाली, "समुद्रान टाकाची आसंल तर माज्यासकट टाक."

एकविसाव्या दिवशी आठ पिलं निघाली. चारांच्या पायांवर स्वच्छ खवले, चारांच्या पायांना माझ्यासारखे पायमोजे. पुढच्या रविवारी पंढरीनाथ ती पाहून हरखले.

"अहो, हे तर फॅन्सी! आमच्या सोसायटीतला स्वप्नील असल्या कोंबड्यांचे फोटो दाखवत फिरतो."

हेन्रीने ताबडतोब छाती काढली. "आमचे घरची जात हाय ती. मीच तयार केली, पंढरीशेट. बाजारात शे-दीडशे कोंबरे बगून मी यो—"

मित्रांनो, माझ्या पंखाखाली पिलं होती म्हणून हेन्रीचा डोळा वाचला.

"चांगला हाय," ऑड्रे म्हणाली. "तू तयार केलीस ना? मंग पँट घाल आनि जा. ज्या ज्या घरान माजा नाव काढलास, त्या घरान जाऊन हे सांग. डोंगरीन. उत्तनान. मोरव्याला पन."

"लोकं हसतील, ऑड्रे."

"हसू दे. मना पाच वरसं हसले, मी मेले काय?"

हेन्रीने पँट घातली. पुरावा म्हणून माझं एक पिल्लू टोपीत घालून नेलं, मला न विचारता. ते संध्याकाळी सुखरूप परत येईपर्यंत मी काय काय बोलले ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. तो काय बोलला ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. मोरव्याची मंदा अंडी पदराखाली झाकून आमच्या अंगणात आली.

"ऑड्रेबाई, कोंबडी खुडूक झालीय. मांडून देता? तुमचे मिस्टर येऊन सांगून गेले सगळं. पहिल्यांदा पुटपुटले. मी म्हटलं, ऐकू नाही आलं, काका, जरा मोठ्याने बोला. ऐकू आलं होतं मला. पण पाच वर्षांचं एकदाच ऐकून कसं भागणार?"

ऑड्रेने हात धुतले, पुसले, आणि पहिलं अंडं कानाशी धरलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं की सगळं गोड. इथे मी चोच मिटावी आणि तुम्हाला चांगलं वागायला सांगून निरोप घ्यावा. सांगतेच. मित्रांनो, अंड्यावर जी बसली आणि ज्या हाताने अंडी मांडली, त्यांना आत काय घडलं याचा जाब विचारू नका. जे आतून येतं ते पकडीने उपटू नका. ते परत येतं, आणि मध्ये फक्त रक्त येतं. आणि एखादीचे पाय तुमच्यासारखे नसले तर आधी तुमचे स्वतःचे कुठे कुठे जाऊन आले ते आठवा.

पण माझा राग गेलेला नाही. हेन्रीने ऑड्रेची माफी मागितली. डोंगरीची मागितली, मोरव्याची मागितली, पंढरीनाथांचीही मागितली, जी मागायचं काही कारण नव्हतं. माझी मागितली नाही. कोंबडीची माफी कोण मागतं? नका मागू. पण त्या अकराव्याचं काय? सगळ्यांना खरं कळलं ते त्याच्यामुळे. ऑड्रेला तिचा हात मिळाला, हेन्रीला अक्कल मिळाली, चार पिलांना त्यांच्या पिसांसकट जगायला मिळालं. त्याच्या पायांवर नुकतेच कोंब उठून उभे राहिले होते. बारा दिवसांत त्याने सगळं बरोबर केलं होतं. त्या पायांनी तो जमिनीवर एक पाऊलही चालला नाही.